कात पडेपर्यंत

साताऱ्यात आई साडी घ्यायची तेव्हा दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नसे. पदर धरून ती थेट दुकानाच्या पायरीवर यायची, उन्हात उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "हा मोरपंखी कुठला? नुसता हिरवा आहे." मी आता अमेरिकेत, उत्तर कॅरोलिनातल्या रॅलीत बोआ पाळतो, त्यांची पिल्लं वाढवतो. कुणी "याचा रंग जरा वेगळा वाटतोय, बघता का?" म्हणत साप घेऊन आलं की मीही आधी त्याला खिडकीपाशी नेतो.

एवढ्यानं भागत नाही, कारण साडीचा रंग निदान रात्रीतून बदलत नाही. बोआ रात्री फिकट पडतो, दिवसा गडद होतो. गाभण मादी काळवंडते. कात टाकायच्या आधी तर डोळ्यांवर निळसर साय येते आणि अंगाचा रंग जुन्या चादरीसारखा विटतो. म्हणून माझा नियम साधा आहे : कात पडल्याशिवाय मत द्यायचं नाही. कात पडल्यावर दोन-तीन दिवसांत रंग खरं बोलतो. तेव्हा मी जीभ बघतो, डोळे बघतो, पोटाखालचे ठिपके बघतो. पाठीवरच्या पट्ट्यांना इथले लोक खोगीर म्हणतात. त्या खोगिरांची किनार शेपटीकडे जाताना किती काळी उरते, तेही बघतो. काळा रंग नुसता कमी झाला तर एक नाव, पूर्ण गेला तर दुसरं. लाल गेला आणि काळा राहिला तर चंदेरी-करडं पिल्लू, त्याचं तिसरं.

नावांचाही भरवसा नाही. अल्बिनो बोआच्या दोन प्रसिद्ध वंशावळी आहेत, काल आणि शार्प (हा 'काल' आपला नव्हे, आडनाव आहे). दोन्ही पिवळे-केशरी, दोन्हींचे डोळे लालसर. सुरुवातीला मी एक नर एका वंशाचा आणि मादी दुसऱ्या वंशाची आणली, आणि अल्बिनोला अल्बिनो लावल्यावर घरभर अल्बिनो होणार म्हणून डबे मांडून बसलो. पिल्लं झाली ती सगळी साधी, तपकिरी. दोघांमध्ये बिघडलेली जनुकं वेगवेगळी. प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून एकेक धड प्रत मिळाली आणि काळा रंग परत आला. बाहेरून सारखं दिसणारं आतून सारखं नसतं, हे मला पुस्तकानं सांगितलं होतं, पण पटवलं त्या डब्यांनी.

उलटंही होतं. होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे बोआ मुळातच लहान आणि फिकट असतात. अशाचा वंशज कुणाच्या हाती आला की तो आनंदानं सांगतो, नवा रंग सापडला. अहो, तो रंग त्या बेटाचा आहे, तुमच्या नशिबाचा नाही.

माझ्या फजितीची खरी गोष्ट मात्र २०१२ची. त्या उन्हाळ्यात माझ्या एका साध्या मादीला बावीस पिल्लं झाली. (बोआ अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच होतात.) त्यांतल्या एका पिल्लाच्या पाठीवरची खोगिरं एकमेकांत मिसळून मानेपासून शेपटीपर्यंत जवळजवळ सलग रेघ झाली होती. रात्रभर झोप नाही. मनातल्या मनात नाव ठेवून झालं, भाव ठरवून झाला. सातारला पोरवयात डुरक्या घोणस ओळखायला शिकलो तेव्हा चूक केली तर बिचारा बिनविषारी साप घोणस समजून मारला जायचा. इथे चूक केली तर फार तर पैसे जातात, आणि त्यामुळेच माणूस डोळ्यांना हवं ते दाखवू देतो.

पण नाव मिळायचं तर रंग किंवा नक्षी पुढच्या पिढीत उतरायला हवी. रेघवालं पिल्लू मादी होतं, ती मोठी व्हायला चार वर्षं गेली. २०१६मध्ये तिला एकोणीस पिल्लं झाली, सगळी साधी. यात निराश व्हायचं कारण नव्हतं. गुण दबणारा असेल तर पहिल्या पिढीत दिसत नाहीच. त्यांतले दोन नर ठेवले, वाढवले आणि एकाला पुन्हा आईलाच लावलं. हे ऐकून माझ्या आईनं फोनवर "शिव शिव" म्हटलं होतं. २०१९मध्ये चौदा पिल्लं झाली. गुण वंशातला असता तर निम्म्यांच्या पाठीवर रेघ यायला हवी होती. एकाच्याही नाही. चौदापैकी एकही नाही, असं निव्वळ योगायोगानं घडायची शक्यता १६,३८४ मध्ये एक.

मग जुनी वही काढली. तिची आई गाभण असताना, २०१२च्या मार्चमधल्या पानांवर, माझ्याच अक्षरात सलग नऊ रात्री तापमान एकवीस अंश लिहिलेलं होतं. थर्मोस्टॅटची तार सरकून गरम पट्टीलाच टेकली असणार. यंत्राला वाटलं सगळं ऊबदार आहे. आकडे मी लिहिले, वाचले मात्र नाहीत. पोटात नक्षी आखली जाण्याच्या दिवसांत थंडी बाधली की ती अशी विस्कटते, हे जुने पाळणारे सांगतातच.

रंगानं मोठं गुपित उघड केल्याचं उदाहरणही याच गावातलं आहे. २०१०मध्ये इथल्या विद्यापीठातल्या वॉरन बूथ आणि सहकाऱ्यांनी एका बोआ मादीबद्दल लिहिलं. तिचा कॅरॅमल रंग दबणारा आणि दुर्मीळ. दोन वेतांत बावीस पिल्लं, सगळ्या माद्या, सगळ्या कॅरॅमल. आणि ज्या नरांबरोबर ती होती, त्यांच्यात तो रंग नव्हताच. डीएनएनं सांगितलं : या मुलींना बापच नाही. तेव्हा त्यांच्या लिंगगुणसूत्रांची जोडी डब्ल्यू-डब्ल्यू मानली होती. २०१७मध्ये बोआत एक्स-वाय पद्धत असल्याचं दुसऱ्या अभ्यासानं दाखवलं आणि तो खुलासा बदलावा लागला. रंग मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता.

माझी रेघवाली अजून माझ्याकडेच आहे. तिच्या डब्यावर २०१२मध्ये मोठ्या हौसेनं लिहिलेलं नाव होतं, ते मी खरवडून काढलं. खाली चिकटपट्टीचा पिवळा चौकोन तेवढा राहिला. दर दुसऱ्या रविवारी एक उंदीर खाते. गेल्या आठवड्यात कात टाकली, एकसंध. खिडकीशी धरून पाहिली, तर पारदर्शक कातेवरही ती रेघ पुसट दिसत होती.