आत्याबरोबर लोअर परळला

दिवाळीच्या सुट्टीत आत्या साताऱ्याहून आमच्याकडे कल्याणला आली होती. म्हणाली, "मला एकदा परळला ने गं." मग पेपर तपासायचे तसेच ठेवले आणि आम्ही दोघी निघालो. करी रोडला उतरून पूल ओलांडला. तिला एकही खूण सापडेना.

इथल्याच एका चाळीत तिची खानावळ होती. दोन पाळ्यांचे मिळून अठरा गडी जेवायला. गिरणीचा भोंगा झाला की हिचा तवा तापलेला असायचा. अशा बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नाहीतर सावकार होताच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आत्याचे गडी एकेक करून गावी गेले. उधारीची वही तिच्या ट्रंकेत अजून आहे.

फिनिक्स मिलच्या जागी आता मोठा मॉल आहे. धुराडं तेवढं शोभेला ठेवलंय. खोटं कशाला बोलू, मला तो झगमगाट आवडला. ऑफिसातून सुटलेल्या मुलींचे घोळके बघून तर फारच बरं वाटलं. पण हिशेब खटकतो. १९९१ चा नियम सरळ होता: गिरणीच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो बदलला. वाटणी झाली ती फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची. अख्खी भाकरी बाजूला ठेवायची आणि कडेचा तुकडा तिघांत वाटायचा, तशातली गत! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. काही कामगारांना पुढं सोडतीत २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. आत्याच्या यजमानांचा नंबर लागलाच नाही.

आत्याला मात्र निराळीच काळजी. "एवढ्या पोरी जेवतात कुठं गं?"

बाहेर रस्त्याच्या कडेला एक बाई पोळीभाजीचे डबे विकत होती. आत्या थेट तिच्यापाशी. पीठ किती लागतं, गॅस किती दिवस पुरतो, सगळी चौकशी झाली. मग हळूच, "उधारी ठेवतेस?"

"नाही हो मावशी. मोबाईलवर पैसे आले की मगच डबा."

"शहाणी आहेस," आत्या म्हणाली, आणि भूक नसताना एक डबा घेतला.