कळफलकाची निवड

रावपुऱ्यातील आमच्या घरी संगणक आणताना आम्ही किंमत विचारली, वेग विचारला. कळफलकाच्या मांडणीचा विचार मात्र केला नाही. शाळेचे लेखन गुजरातीत, घरचे मराठीत. दोन्ही रोमन अक्षरांच्या वाटेने उमटू लागले. एकदा पुण्याच्या ताईला आम्ही लिहिले, 'आईचे डोळे तपासून आणले.' घाईत उमटले 'डोले'. ताईने विचारले, "बडोद्यास राहून मराठी विसरलास का रे?" पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भाषा एका अक्षरापायी ओशाळली!

मग केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेली इनस्क्रिप्ट मांडणी आम्ही शिकलो. तीत 'ल' आणि 'ळ' एकाच कळीवर. 'ळ'साठी तेवढी शिफ्टची कळ दाबायची. शिवाय मराठीचा 'क' जेथे, तेथेच गुजरातीचाही. बोटे एकदा वळली की दोन्ही लिप्या साधतात. चार ओळींपुरते लिहिणाऱ्यास रोमन वाट पुरेशी आहे. टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्याने रेमिंग्टन मांडणीच ठेवावी. दोन भाषांच्या घराला मात्र हीच सोयीची.

पहिला महिना बोटे अडखळली. पुढे आईच्या डोळ्यांविषयी ताईला पुन्हा लिहिले. या वेळी तिने एवढेच विचारले, "मोतीबिंदू केव्हा काढणार?"