पासवर्ड पाच जणांकडे, आळ एकावर

आमच्या मराठी मंडळाच्या कचेरीत बसणाऱ्या मुलाला काढलं, त्याला बरीच वर्षं झाली. विषय निघाला की मला अजून चीड येते.

मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये नोकरीला, म्हणून मंडळाच्या मेलिंग लिस्टचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअर मेलमन २.१, फुकट आणि दणकट. प्रशासकाचा पासवर्ड प्रत्येक पदाधिकाऱ्याला हवाच होता. तो मानाचा विषय झाला होता. पाचही जणांना दिला. कचेरीतल्या मुलाला मात्र मॉडरेटरचा.

अनंत चतुर्दशीच्या आधी, गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला कुठे जमायचं याचं पत्र चिटणीसांनी या मेलिंग लिस्टच्या यादीवर टाकलं. एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांना एकट्यांना म्हणून उत्तर लिहिलं: वर्गणीचा हिशोब खजिनदार यंदा तरी देणार का? ते उत्तर इंदूरपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांच्या हाती गेलं. ‘उत्तर कोणाकडे जावं’ ही सेटिंग कोणीतरी ‘लिहिणाऱ्याकडे’वरून ‘यादीकडे’ अशी फिरवली होती. बदलू नये, अशी शिफारस त्या पानावरच आहे. पण वाचतो कोण!

बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, “कॉम्प्युटरवर तोच बसतो ना दिवसभर?” झालं, निकाल लागला.

मी लॅपटॉप उघडून सगळ्यांसमोर मॉडरेटरचा पासवर्ड टाकला. अडकलेली पत्रं दिसली. सोडा, परत पाठवा, टाकून द्या, एवढंच करता येत होतं. सेटिंगच्या पानावर तोच पासवर्ड टाकला, तर ते उघडेचना. मुलगा दारात उभा होता. “दादा, मी ते पान कधी पाहिलंच नाही,” एवढंच म्हणाला. खजिनदारांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. “तुम्ही तांत्रिक लोक काहीही दाखवाल.” प्रशासकाचा पासवर्ड पाच जणांकडे आणि सर्व्हरचा माझ्याकडे, म्हणजे संशयित सहा. सातवा तो नव्हताच. पण सहा जणांत पाच कार्यकारिणीचे!

खरा माणूस सापडणंही शक्य नव्हतं. मेलमन २.१ मध्ये यादीचे मालक कितीही नेमा, प्रशासकाचा पासवर्ड एकच. कोणी काय बदललं, त्यावर नाव उमटत नाही. सर्व्हरच्या नोंदीत कचेरीचा आयपी पत्ता दिसला, पण त्या इंटरनेटवर येणारे-जाणारे सगळेच. सर्व्हरवाल्याला काही गोष्टी आवरता येतात. यादीच उडवून टाकणं, सभासदांचे पासवर्ड बदलणं हे हक्क यादीच्या प्रशासकाला मुळातच बंद असतात. पण ‘उत्तर कोणाकडे’ला असं कुलूप नाही. म्हणून माझं मत झालं: पासवर्ड एकाच हाती हवा, आणि कार्यकारिणी बदलली की तोही बदलायचा.

तसंच केलं. दोन्ही पासवर्ड बदलून माझ्याकडे ठेवले. छान शांतता झाली. मग एका सभासदाच्या आईच्या निधनाची बातमी यादीवर आली, त्यांच्या नव्या पत्त्यावरून. पत्ता यादीत नाही, म्हणून पत्र अडकलं. मी रेल्वेत, मोबाइलला रेंज नाही. बातमी सुटली तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते. तो मुलगा असता तर पाच मिनिटांत सोडली असती. तेव्हापासून एकहाती कारभाराबद्दलही मी छातीठोकपणे बोलत नाही. पाच जणांचा गोंधळ निदान जागा तरी होता.

मेलमन ३ आलं २०१५ मध्ये. त्यात प्रत्येकाचं स्वतःचं खातं, मालक वेगळा, मॉडरेटर वेगळा, एकाच पासवर्डची वाटणी नाही. आमच्या प्रकरणाला त्याचा काय उपयोग?

त्या पाचांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्या मुलाला निदान एक पत्र लिहा. पत्ता माझ्याकडे आहे.