जुन्या डिस्कमधली किल्ली

घरातली जुनी वस्तू काढायची तर आपण बायका दहादा विचार करतो. जुनी ट्रंक असली तरी तिचे कप्पे चाचपून, झटकून, मगच भंगारवाल्याच्या हाती देतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र "जुनं झालं ना? टाका काढून!" असं म्हणणारेच फार. म्हणून मैत्रिणींनो, आमच्याकडे घडलेली हकिगत मुद्दाम लिहिते आहे.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले. सकाळी मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि दुपारी आमच्या बचतगटाचा हिशोब बघते. गटात आम्ही चौदा जणी. कुणाची बचत किती, हळदीच्या बेण्यासाठी कुणी किती उचल घेतली, व्याज किती जमलं, हे सारं घरच्या कॉम्प्युटरवर. हा कॉम्प्युटर २०१३ सालचा. आला तेव्हा त्यात 'विंडोज सात' होतं. १४ जानेवारी २०२० ला कंपनीने त्याचा आधार थांबवला, तेव्हा ह्यांनी आत एक नवी, वेगवान डिस्क बसवून घेतली (तिला एसएसडी म्हणतात) आणि तिच्यावर 'विंडोज दहा' घातलं. जुनी डिस्क आत तशीच राहिली. तिचं आता काही काम नाही, असंच सगळे धरून चालले होते.

यंदा संक्रांतीच्या सुमारास ती जुनी डिस्क कुरकुर आवाज करू लागली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने ती काढली आणि बटण दाबलं. पडदा काळाच! वर इंग्रजीत एक पांढरी ओळ, 'सुरू होण्याजोगी डिस्क निवडा' अशा अर्थाची. मुलगा म्हणाला, "मॅडम, विंडोज उडालं. फॉरमॅट मारावं लागेल. आतलं राहील का नाही, सांगता येत नाही."

माझ्या पोटात गोळाच आला. पुढच्या मंगळवारी बँकेत गटाचा तीन वर्षांचा हिशोब द्यायचा होता. पाच जणींचं कर्ज त्यावर अडलेलं. मी म्हटलं, "फॉरमॅट नको. आणि ती जुनी डिस्क इथेच ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी हळदी-कुंकवाला माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. नांदेडला कॉम्प्युटरचंच शिकते. वाण हातात घेता घेता तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आधी जुनी डिस्क परत जोडून बघू." जोडली, आणि कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला! फाइली सगळ्या जागच्या जागी. तिने सर्वांत आधी हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून माझ्या हाती दिली. मग म्हणाली, "आता बिघाड शोधू."

'डिस्क मॅनेजमेंट' नावाच्या पानावर तिने मला दाखवलं. नव्या डिस्कच्या 'सी' भागावर लिहिलेलं होतं 'बूट', आणि जुन्या डिस्कच्या जेमतेम १०० एमबीच्या तुकड्यावर 'सिस्टम'. नावं अगदी उलटी वाटतात. पण कॉम्प्युटर उठतो तो या 'सिस्टम'वाल्या तुकड्यातल्या फाइलींवर. तिथून त्याला विंडोजचा पत्ता मिळतो. नवं विंडोज घालताना जुनी डिस्क जोडलेलीच होती. तिच्यावर असा तुकडा आधीच आहे हे पाहून नव्या विंडोजने आपल्याही उठण्याच्या फाइली तिथेच ठेवल्या. थोडक्यात, बिऱ्हाड नव्या घरात आणि किल्ली जुन्या घरात! डिस्क काढली तेव्हा विंडोज उडालं नव्हतं, त्याला उठवणारं कुणी उरलं नव्हतं.

इलाज छोटाच निघाला. 'बीसीडीबूट' नावाच्या आज्ञेने तिने त्या फाइली नव्या डिस्कवर लिहिल्या आणि तो भाग 'अ‍ॅक्टिव्ह' ठरवला. मग कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, जुनी डिस्क सोडवली. सुरू करताना बायोसमध्ये जाऊन नवी डिस्क पहिल्या नंबरावर आणली. अर्ध्या तासाचं काम! मंगळवारी हिशोब बँकेत पोचला.

हे सारं आता सांगायचं कारण असं की 'विंडोज दहा'चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरोघरी पुन्हा डिस्का बदलतील, काढतील. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

डिस्क काढण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, आणि 'सिस्टम' कोणत्या डिस्कवर लिहिलंय ते बघा. नव्या डिस्कवर विंडोज घालायचं असेल, तर जुनी तेवढ्यापुरती सोडवून ठेवायला सांगा. म्हणजे हा घोटाळा होतच नाही.

जुनी डिस्क पार बंद पडली असेल तरी घाबरू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करता येते. तिच्यावरून सुरू करून 'इन्स्टॉल' न दाबता 'रिपेअर' निवडायचं. अलीकडच्या मशीनमध्ये उठण्याच्या फाइलींसाठी 'ईएफआय' नावाचा वेगळा छोटा भाग लागतो. ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

आणि कुणी आल्या आल्या "फॉरमॅट मारू" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "विंडोज गेलंय, की नुसती किल्ली हरवलीय?" उत्तर मिळेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. दुरुस्तीवाल्याला ते एक मशीन असतं. आपल्या दृष्टीने त्यात चौदा जणींची पै पै असते.