शेरलॉक होम्सच्या सहवासांत

उत्तरपत्रिका तपासून डोळे शिणले म्हणजे आम्ही कपाटांतून शेरलॉक होम्सचें एखादें पुस्तक काढून बसतों. आमच्या कांहीं विद्वान् मित्रांस हें आमच्या वयाला व पेशाला शोभत नाहीं असें वाटतें. इंग्रजीच्या प्राध्यापकानें मिल्टन वाचावा; चोरांच्या गोष्टी काय वाचावयाच्या!

परंतु होम्सचें मूळ चोरांच्या अड्ड्यांत नसून रुग्णालयांत आहे. त्याचा जनक आर्थर कॉनन डॉयल एडिंबरो येथें वैद्यक शिकत असतां जोसेफ बेल नांवाचे शस्त्रवैद्य त्याचे गुरु होते. रोगी समोर येऊन उभा राहिला, कीं त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याचा धंदा कोणता, तो कोठून आला, हें बेलसाहेब त्याच्या चालीवरून व हातांवरून सांगून मोकळे होत. हाच गुण डॉयलनें एका हेरास दिला, व १८८७ सालीं होम्सची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे सर्व हक्क अवघ्या २५ पौंडांस गेले. पो या अमेरिकन ग्रंथकारानें १८४१ मध्येंच द्युपँ नांवाचा असा एक चतुर पुरुष निर्माण केला होता. डॉयलनें तें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. होम्स मात्र द्युपँला खुशाल तुच्छ लेखतो! पुढें १८९१ मध्यें डॉयलनें लंडनमध्यें नेत्रवैद्याचा दवाखाना थाटला. तेथें एकही रोगी फिरकला नाहीं. त्या न आलेल्या रोग्यांचे आपणां सर्वांवर केवढे उपकार! कारण त्याच वर्षीं 'स्ट्रँड' मासिकांत होम्सच्या लघुकथा सुरू झाल्या.

या लोकप्रियतेला प्रथम कंटाळला तो लेखकच. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपुढें होम्स त्यास क्षुद्र वाटे. १८९३ मध्यें त्यानें होम्सला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यांत लोटून दिलें. वाचकांनीं आकांत मांडला, आणि १९०३ मध्यें मेलेला होम्स जिवंत परत आणावा लागला. १९२७ पर्यंत एकंदर ५६ कथा व ४ कादंबऱ्या झाल्या.

हें प्रेम केवळ बुद्धिचातुर्यावरचें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. बिनचूकपणावरचें तर नव्हेच. होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन अफगाण युद्धासाठीं आमच्या मुंबईच्या बंदरांत उतरतो व मैवंद येथें जखमी होतो. ती जखम एका कादंबरींत खांद्याला, तर दुसरींत पायाला! त्याच दुसऱ्या कादंबरींत आग्र्याच्या दोघां शीख शिपायांचीं नांवें महंमद सिंग व अब्दुल्ला खान अशीं आहेत. एवढें वाचून भारतीय वाचकानें पुस्तक मिटावयास हवें. पण तें मिटवत नाहीं. कां? बेकर स्ट्रीटवरील त्या खोलीचा जिना चढून कोणी गांजलेला मनुष्य येतो, आणि कोणीतरी त्याच्याकडे नीट लक्ष देऊन पाहतें. असें पाहणारें माणूस आयुष्यांत फार थोड्यांस भेटतें.

आम्हीं एकदां होम्सची नक्कल केली, तिची लाज अद्याप वाटते. पहिल्या बांकावरील एक विद्यार्थी आमच्याकडून हीं पुस्तकें नेई व प्रत्येक पुस्तक वेष्टण घालून परत करी. एके दिवशीं भर वर्गांत, त्याच्या बाहीवरील शाईचे डाग व तांबारलेले डोळे पाहून, आम्हीं अनुमान बांधलें : "स्वारी रात्र रात्र जागून प्रेमकाव्यें लिहीत असावी!" वर्ग हंसला; तोही हंसला. पुढच्या सत्रांत त्याचें नांव हजेरीपटावरून गेलें. फी थकली होती. तो रात्रपाळीस एका छापखान्यांत काम करी, हें आम्हांस कारकुनाकडून कळलें. त्यानें शिपायाबरोबर धाडलेलें शेवटचें पुस्तक तेव्हां आमच्या टेबलावर पडलें होतें. वेष्टण उलटून पाहिलें, तों आंतल्या बाजूस लग्नपत्रिका छापलेली. वधूच्या नांवांतील एक काना सुटलेला. आधींच्या पुस्तकांचीं वेष्टणें काढून पाहिलीं. तींही सारीं तसल्याच रद्दी कागदांचीं होतीं.