तुळशीच्या वाटणीचं ऊन

फ्लॅट बघायला गेलं की आपण काय काय विचारतो? कार्पेट एरिया किती, पार्किंग आहे का, स्टेशन किती मिनिटांवर. ऊन किती तास येतं, हे विचारणारं मात्र मला अजून कुणी भेटलेलं नाही! मुलुंडच्या आमच्या खिडकीत सकाळचं चार तास ऊन यायचं. समोर टॉवर उभा राहिला आणि ते गेलं. माणसांचं काही अडलं नाही, पण आईची तुळस रुसली. शेंडे लांबुडके, पानं फिकट आणि विरळ. आईचा सवाल, ‘‘अगं, घरात एवढा उजेड आहे, मग हिला झालंय काय?’’

गोची नेमकी इथेच आहे. आपला उजेड वेगळा, पानाचा वेगळा. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स प्रकाश असतो, ऑफिसात जेमतेम ५००. पण डोळे जुळवून घेतात आणि आपल्याला दोन्हीकडे ‘छान उजेड’ वाटतो. पानाला मात्र मिळेल तेवढ्यातच स्वयंपाक उरकावा लागतो.

त्यात रंगांची आवडनिवड. आपले डोळे ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत तल्लख. हरितद्रव्याला हवा निळा, साधारण ४५०चा, आणि तांबडा, ६६०च्या आसपासचा. १८८२ मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने लोलकातून सप्तरंग शेवाळाच्या एका तंतूवर पाडले. ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले, तर त्यांनी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांतच गर्दी केली. हिरव्यात तुरळक!

पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गर्द झाडीखाली उभे राहा. वरची पानं निळा-तांबडा गिळतात. खाली पोचतो हिरवट उजेड आणि आपल्याला जवळजवळ न दिसणारा अतितांबडा. तेवढ्यावरून काही रोपं ओळखतात की डोक्यावर कुणीतरी बसलंय, आणि शेंडा ताणत सुटतात. टॉवर असे रंग निवडत नाही, सरसकट ऊन अडवतो. पण आमच्या तुळशीने उपाय तोच केला, उंच होण्याचा. माझ्या अंधेरीच्या ऑफिसातला मनी प्लांट खुशाल असतो, कारण त्याचा जन्मच मोठ्या झाडांच्या सावलीतला.

शेवटी घाटकोपरला मेट्रोतून उतरल्यावर एक एलईडी घेतला. निळ्या-तांबड्याचे जांभळे ग्रो लाइटही मिळतात, पण त्यात आमचा हॉल डिस्को वाटला असता! साध्या पांढऱ्या एलईडीतही निळा-तांबडा असतोच. कुंडीवर फूटभर अंतरावर टांगला, रोज बारा तास. आई म्हणाली, ‘‘तुळशीला ट्यूबलाइट?’’ तीन आठवड्यांनी नवी पानं आली, जवळजवळ आणि गडद. आता तिन्हीसांजेला आई तिच्यापुढे निरांजन लावते, ते आपल्यासाठी. वरचा दिवा तुळशीचा.