गिटार उचलली, गिटार ठेवली

फिल्म तपासणाऱ्या माणसाला सिनेमा पडद्यावर कमी आणि बोटांना जास्त कळतो. हातात पांढरे सुती मोजे, दोन बाजूंना दोन रिळं, मधे उजेडाचा चौकोन आणि चिमटीतून सरकणारी सोळा मिलिमीटरची पट्टी. कुठे भोक फाटलंय, कुठे जोड दिलाय, हे डोळ्यांच्या आधी अंगठा सांगतो. गेली वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात माझं हेच काम आहे. त्यातही माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतो तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला गाणारा काऊबॉय.

पुण्यातल्या मावशीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे संगीत नाटकच की गं, फक्त घोड्यावरचं." आमच्या घरात नारायणरावांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, तबकड्या झिजेपर्यंत वाजल्या होत्या, त्यामुळे कथा थांबवून गाणं सुरू होण्याचं तिला काहीच वाटलं नाही. तिचं निम्मं बरोबर होतं. पण संगीत नाटकात पद हे वैभव. लोक त्यासाठीच तिकीट काढत, वन्समोअर घेत. या चित्रपटांतलं गाणं मात्र मुळात काटकसर होती. तिचं वैभव झालं ते नंतर, आणि तेही युद्धामुळे.

हिशेब साधा आहे. हे चित्रपट साधारण ५५ ते ७० मिनिटांचे. थिएटरवाला त्यांचं ठोक भाडं भरायचा. हाउसफुल्ल जावो की खुर्च्या रिकाम्या राहोत, रक्कम तीच. म्हणजे चित्रपट किती कमावणार हे निर्मात्याला शूटिंगच्या आधीच अंदाजाने ठाऊक असायचं, आणि नफा काढायचा तो खर्चातूनच. आता तीन मिनिटांच्या पाठलागाला काय लागतं? घोडे, स्वार, घोड्यावरून पडायला तयार असलेले गडी, शेजारून धावणारी कॅमेऱ्याची गाडी आणि दहा ठिकाणी कॅमेरा मांडायचा वेळ. तीन मिनिटांच्या गाण्याला लागते एक शेकोटी आणि एक गिटार. एक लांबचा शॉट, एक जवळचा. मग ऐकणारी नायिका, तोंड वाकडं करणारा विनोदी सोबती, आणि अगदीच कमी पडलं तर घोड्याचा चेहरा. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असेल तर नटाने नुसते ओठ हलवायचे. अशी पाच गाणी घातली की पाव तास निघाला. पाव तास म्हणजे चित्रपटाचा चौथा हिस्सा!

ओठ हलवण्यावरून आठवलं. १९३३ च्या 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'मध्ये जॉन वेन 'सिंगिन सँडी' नावाचा गाणारा बंदूकबाज झालाय. आवाज दुसऱ्याचाच. आपल्याला प्लेबॅकची इतकी सवय की त्यात काही गैर वाटत नाही, पण वेनला आयुष्यभर त्याचा संकोच वाटला असावा. ही प्रतिमा पुढे चालली नाही, यात कुणालाच नवल वाटू नये.

चालला तो जीन ऑट्री. टेक्सासचा, रेडिओवर आणि तबकड्यांवर आधीच लोकप्रिय झालेला. अभिनय बेताचा, घोड्यावरची बैठक सुरुवातीला त्याहून बेताची. १९३५ मध्ये रिपब्लिक हा स्टुडिओ उभा राहिला. फिल्म धुण्याची लॅबोरेटरी चालवणाऱ्या हर्बर्ट येट्सने छोट्या कंपन्या एकत्र करून तो काढला, आणि त्याच वर्षी ऑट्रीचा 'टम्बलिंग टम्बलवीड्स' आला. ऑट्रीच्या चित्रपटांतला वेस्ट फार गमतीचा आहे. घोडे आहेत, पिस्तुलं आहेत आणि सोबत मोटारी, टेलिफोन, रेडिओ स्टेशनही आहे. खलनायक पुष्कळदा जमिनी किंवा पाणी लाटणारा सुटाबुटातला व्यापारी. मंदीने पोळलेल्या खेड्यांतल्या प्रेक्षकांना तो चांगला ओळखीचा होता. काळाची ही भेसळ समीक्षकांना हास्यास्पद वाटायची. युद्ध आलं तेव्हा मात्र तीच कामाला आली. एकोणिसाव्या शतकात अडकलेल्या नायकाला हिटलरचे हेर पकडता आले नसते. ऑट्रीच्या जगात ते सहज शिरले.

२६ जुलै १९४२ ला ऑट्रीने 'मेलडी रँच' या आपल्या रेडिओ कार्यक्रमातच सैन्यात भरती होण्याची शपथ घेतली. आधीपासून विमान चालवायला शिकत होता, म्हणून हवाई दलात गेला. आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक नसलेला भाग पुढचा आहे. वाहतूक विभागात फ्लाइट ऑफिसर होऊन तो चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर आला आणि 'हंप'वरून उडाला. आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकाचे डोंगर ओलांडून चीनला रसद पोचवणारा हा मार्ग. त्यावर शेकडो विमानं पडली. पडद्यावर ज्याला कधी ओरखडाही उठला नाही, तो माणूस या ढगांत काय गुणगुणत असेल असं मला नेहमी वाटतं.

तो गेल्याने रिपब्लिकची पंचाईत झाली. येट्सने दोन गोष्टी केल्या. ऑट्रीचे जुने चित्रपट पुन्हा वितरणात आणले आणि रॉय रॉजर्सला वर काढलं. याचं खरं नाव लिओनार्ड स्लाय. ओहायोचा हा मुलगा 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकमंडळीतून आलेला. आवाजात गोडवा होता, आणि घोड्यावर तो ऑट्रीपेक्षा कितीतरी शोभायचा. घोडा ट्रिगर. १९३८ च्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड ज्या सोनेरी घोड्यावर बसलीय तो हाच. १९४३ मध्ये 'किंग ऑफ द काऊबॉइज' नावाचा चित्रपटच काढून येट्सने रॉजर्सचा राज्याभिषेक उरकला. त्यात रॉजर्स घातपात करणाऱ्यांच्या मागावर आहे.

त्याच वर्षी ३१ मार्चला न्यूयॉर्कमध्ये 'ओक्लाहोमा!' हे संगीतक रंगभूमीवर आलं. येट्सने ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. कुणी म्हणेल, उघडलं. रॉजर्सच्या चित्रपटांतली शेकोटी विझली आणि रंगमंच आला. शेवटच्या दहा मिनिटांत कथा गुंडाळून ठेवायची आणि नर्तकींच्या रांगा, झालरींचे पोशाख, मोठा वाद्यवृंद असा जलसा सुरू करायचा. १९४४ च्या 'द काऊबॉय अँड द सेनोरिटा'पासून नायिका म्हणून डेल इव्हान्स आली. ती स्वतः बँडबरोबर गाणारी होती. पुढे दोघांनी लग्नही केलं. पैसे वाचवायला आलेलं गाणं आता स्वतःच पैसे खाऊ लागलं. मला विचाराल तर हे चित्रपट थोडे बेढब आहेत. एवढ्या झालरी घालून गुरं राखायची म्हणजे जरा अतिच! पण युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, घरातला मुलगा पॅसिफिकमध्ये असताना गावच्या थिएटरात येऊन बसलेल्या बाईला ती दहा मिनिटं बेढब वाटली नसणार.

माझा जीव मात्र रमतो तो याच्या खालच्या पायरीवर. हॉलिवूडमधल्या ज्या कंपन्यांना 'पॉव्हर्टी रो' म्हणत, म्हणजे दरिद्री आळी, तिथे. सनसेट बुलेवार्ड आणि गोवर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बूट-हॅट घालून काम मिळायची वाट बघत उभे राहणारे रोजंदार काऊबॉय हा आपल्याकडच्या मजूर नाक्याचाच प्रकार. या आळीत मोनोग्राम त्यातल्या त्यात खाऊन-पिऊन सुखी. पीआरसी अगदी फाटकी. तिथे सिग्मंड न्यूफेल्ड निर्माता आणि त्याचा भाऊ सॅम न्यूफील्ड दिग्दर्शक. सॅम इतके चित्रपट काढायचा की एकाच माणसाचं नाव सारखं दिसू नये म्हणून त्याने पीटर स्ट्युअर्ट आणि शर्मन स्कॉट अशी आणखी दोन नावं घेतली. आठवड्याभरात एक चित्रपट संपवणं ही तिथली रीतच.

युद्धात सरकारने एका चित्रपटाच्या सेटवर पाच हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीचं नवं सामान वापरायला बंदी केली. मोठे स्टुडिओ हादरले. पीआरसीला काय फरक पडणार? त्यांचा सेट म्हणजे भाड्याने मिळणारी लाकडी गल्ली आणि चॅट्सवर्थजवळच्या आयव्हर्सन रँचवरचे खडक. या खडकांना मी आता शेजाऱ्यांसारखी ओळखते. एकाच खडकामागे तीन कंपन्यांचे दरोडेखोर लपलेले मी पाहिलेत. खरी झळ लागली ती पेट्रोलच्या रेशनिंगची, कच्च्या फिल्मच्या टंचाईची आणि माणसांच्या कमतरतेची. फिल्मची टंचाई आपल्याकडेही होती. १९४२ मध्ये भारतात चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. हॉलिवूडच्या या आळीत रिटेक परवडेना. म्हणून जुन्या चित्रपटांतले पाठलाग काढून पुन्हा जोडायचे. त्यात नायकाचा शर्ट बदललेला दिसतो. क्वचित घोडासुद्धा.

माणसांचं म्हणाल तर तरुण नायक सैन्यात. आरकेओ स्टुडिओचा टिम होल्ट बॉम्बफेकी विमानावर गेला. मोनोग्रामने १९४३ मध्ये 'ट्रेल ब्लेझर्स' मालिका काढली ती केन मेनार्ड आणि हूट गिब्सन यांना घेऊन. मूकपटांच्या काळातले हे हिरो, एक अठ्ठेचाळिशीचा, दुसरा पन्नाशी ओलांडलेला. पोट आत घेऊन घोड्यावर चढतात. ते पाहून हसू येतं आणि थोड्या वेळाने येईनासं होतं. गंमत म्हणजे गाणारा काऊबॉय पडद्यावर आणणाऱ्या पहिल्या लोकांत हाच मेनार्ड होता; तो फिडलही वाजवायचा.

हेर आणि काळाबाजार हे तर हुकमी विषय. 'काऊबॉय कमांडोज'मध्ये खाणीवर टपलेले नाझी आहेत, 'ब्लॅक मार्केट रस्लर्स'मध्ये गुरं चोरून मांस काळ्या बाजारात विकणारी टोळी. दोन्ही १९४३ चे. गुरं चोरणाऱ्याला देशद्रोही करायला कथालेखकाला किती सोपं गेलं पाहा. एक ओळ बदलली की झालं.

या सगळ्यात एका माणसाचं नाव राहून जातं. हर्ब जेफ्रीजचं. गोऱ्यांच्या थिएटरात ज्यांना प्रवेश नव्हता किंवा वेगळं बसावं लागे, त्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी त्याने १९३७ ते १९३९ मध्ये 'हार्लेम ऑन द प्रेअरी', 'द ब्राँझ बकारू' असे चित्रपट केले. पुढे तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गेला. या साऱ्या गाणाऱ्या काऊबॉयमध्ये खरा कसलेला आवाज मला विचाराल तर त्याचाच. युद्धकाळात त्याच्या तोडीचा दुसरा कृष्णवर्णीय काऊबॉय कुणी उभा केला नाही.

युद्ध संपलं. १९४६ मध्ये दिग्दर्शक विल्यम विटनी मरीन दलातून परतला, रॉजर्सचे चित्रपट त्याच्या हाती आले आणि झालरी जाऊन ठोसे आले. ऑट्रीने रिपब्लिकशी कोर्टात भांडून करारातून सुटका करून घेतली. मग टेलिव्हिजन आलं.

इथून माझ्या टेबलाची गोष्ट सुरू होते. टेलिव्हिजनवर एक तासाच्या जागेत जाहिराती वजा जाता ५४ मिनिटं उरत. सोळा मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते, म्हणजे ५४ मिनिटांचे १९४४ फूट. (हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी एकटीच हसले.) सत्तर मिनिटांचा चित्रपट या मापात बसवायचा तर पावणेसहाशे फूट काढायचे. काय काढणार? गोष्ट तुटली तर तक्रार येते, मारामारी काढली तर पोरं रागावतात. गाणं काढलं तर काहीच तुटत नाही. ज्या कारणाने ते स्वस्तात घालता आलं, त्याच कारणाने ते बिनदिक्कत काढता आलं. स्टुडिओने आपले जुने चित्रपट टेलिव्हिजनला विकू नयेत म्हणून ऑट्री आणि रॉजर्स दोघेही कोर्टात गेले. १९५४ मध्ये निकाल स्टुडिओच्या बाजूने लागला. ऑट्री पक्का व्यवहारी. त्याने आपल्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती जमवून ठेवल्या, म्हणून त्याचे चित्रपट पुढे पूर्ण लांबीचे करता आले. रॉजर्सचे कित्येक आजही कापलेलेच पाहावे लागतात.

स्टुडिओची कात्री निगेटिव्हवर चालायची, त्यामुळे तिचा माग प्रतीत बोटाला लागत नाही. पण गावोगावची टेलिव्हिजन केंद्रं हातातली प्रतच कापत. असं एक रीळ गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलं. कुठल्या केंद्राचं ते सोडून देऊ. फिल्मला व्हिनेगरचा वास सुटलेला. शेकोटीचं दृश्य आलं. नायक वाकून गिटार उचलतो. अंगठ्याला जोड लागला. पुढच्या चौकटीत तो गिटार खाली ठेवतोय आणि भोवतालची मंडळी हसताहेत. मधे असतील तर शंभरेक फूट, आता कुठेच नाहीत.

मात्र सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारीशेजारी नसतो. आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपासून तेवढ्याच अंतरावर असतो. कापणाऱ्याने चित्र बघून कापलं. गाण्याच्या पहिल्या २६ चौकटींचा आवाज जोडाच्या अलीकडे राहून गेला. रीळ मशीनवर चढवलं, दिवा लावला. नायकाने गिटार खाली ठेवली, आणि त्या ठेवण्यावर सेकंदभर गिटारचे पहिले दोन सूर वाजले आणि कुणीतरी गायला श्वास घेतला.